पैदाशीच्या शेळ्यांसाठी खनिजं आणि जीवनसत्त्वं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेळी दोनदा उलटली (बोकड दाखवूनही गाभण न राहता पुन्हा माजावर आली), चौथ्या महिन्यात गाभडली (गर्भपात झाला), वार (गर्भाला पोसणारी अपरा) पडली नाही किंवा करडू जन्मलं पण उभंच राहीना, की पहिला प्रश्न ठरलेला: "मिनरल कमी पडलं असेल का?" कधीकधी तसं असतंही. पण करडू जमिनीवर पडल्यावर जे दिसतं, ते बहुतेक वेळा चार-पाच महिने आधी घडून गेलेलं असतं. म्हणून खालच्या उत्तरांत 'काय द्यायचं' याच्या बरोबरीने 'कधी द्यायचं' आणि 'कधी द्यायचं नाही' हेही वारंवार येईल.

चारा पोटभर आहे. तरी वेगळं खनिज मिश्रण लागतंच का?

शेळी मोकळी चरते की बांधून खाते, यावर बरंच अवलंबून आहे. मोकळी शेळी झाडपाला, शेंगा, साल, काटेरी झुडपांचे कोंब असं दिवसभर निवडून खाते आणि एकातली उणीव दुसऱ्यात भरून काढते. गोठ्यातल्या शेळीला ही निवड नसते. गव्हाणीत जे पडलं ते खायचं. त्यात तो चारा महिनोन्‌महिने एकाच रानातला असेल, तर त्या जमिनीत जे कमी ते शेळीतही कमी.

वाळलेल्या चाऱ्यात फॉस्फरस, तांबं आणि जस्त बहुधा तोकडं असतं. अ आणि ई जीवनसत्त्वं तर वाळवताना आणि साठवताना बरीचशी उडूनच जातात. त्यामुळे बंदिस्त गोठा किंवा लांब कोरडा हंगाम असेल तर मिश्रण वर्षभर हवं.

पण आधी शेळीच्या पाठीवरून हात फिरवा. कण्याची हाडं बोटांना टोकदार लागत असतील तर तिला खनिजाची नाही, खाण्याची गरज आहे. उपाशी शेळीला मिनरल चारून माज येत नाही. एक ते पाचच्या शरीरमानाच्या मापात लावणीच्या (बोकड दाखवण्याच्या) वेळी शेळी तीनच्या आसपास असावी. दोनच्या खाली असेल तर पुढचं सगळं वाचून उपयोग नाही, आधी खुराक वाढवा.

सुरुवात नेमकी कधी करायची?

शेळी गाभण राहिल्यावर नाही, त्याच्या आधी.

बोकडापासून सुरुवात करा, कारण त्याचाच विसर सगळ्यात जास्त पडतो. शुक्राणू तयार होऊन बाहेर पडायला साधारण दोन महिने लागतात. म्हणजे आज दिलेल्या जस्ताचा किंवा सेलेनियमचा फायदा दोन महिन्यांनी दिसणार. लावणीच्या आदल्या आठवड्यात बोकडाला टॉनिक पाजणं हे स्वतःच्या समाधानासाठी असतं.

शेळ्यांना खनिज मिश्रण कायम समोर असलं की वेगळी तारीख लागत नाही. खुराक मात्र लावणीच्या दोन-तीन आठवडे आधी वाढवतात आणि नंतरही तेवढेच दिवस चालू ठेवतात. त्याने जास्त बीजांडं सुटतात आणि जुळ्यांची शक्यता वाढते. आधीच लठ्ठ असलेल्या शेळीवर याचा फारसा परिणाम होत नाही.

दुसरा नाजूक काळ शेवटचे सहा आठवडे. गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा, पण करडाच्या वजनाची दोन तृतीयांशाहून अधिक वाढ या शेवटच्या सहा आठवड्यांत होते. त्याच वेळी गर्भाशयाने पोटातली जागा व्यापलेली असते, म्हणून शेळीला हवं तेवढं खाताच येत नाही. इथे थोड्या आकाराचा पण कसदार खुराक लागतो. खुराक हळूहळू वाढवा, एका दिवसात दुप्पट करू नका.

चाटण विट चांगली की सुटी पावडर?

सुटी पावडर, असं माझं स्पष्ट मत. बहुतेक विटा गायीच्या खरखरीत जिभेच्या हिशेबाने घट्ट दाबलेल्या असतात. शेळीची जीभ मऊ. ती विटेपाशी येते, दोन-चारदा चाटते, कंटाळते आणि निघून जाते. मी पहिल्यांदा विट टांगली तेव्हा आठ महिने पुरली म्हणून खूश होतो. हिशेब केल्यावर कळलं की पुरली याचा अर्थ कोणी खाल्लीच नव्हती.

पावडर उथळ पेटीत, शेळीच्या खांद्याच्या उंचीवर, पावसापासून आडोशाला ठेवा. खाली ठेवलीत तर करडं त्यात उभी राहतात, लेंड्या टाकतात, आणि लेंडी पडलेल्या मिश्रणाला शेळी तोंड लावत नाही. ओलसर हवेत पावडरीचा गठ्ठा होतो. एकदम पेटीभर ओतू नका, तीन-चार दिवसांची घाला आणि बोटांनी मोकळी करत राहा.

रोज किती द्यायचं?

पाकिटावर लिहिलेलं प्रमाण पहिलं, कारण प्रत्येक मिश्रणाची तीव्रता वेगळी. मोठ्या शेळीला बहुतेक मिश्रणं दिवसाला ५ ते १५ ग्रॅमच्या दरम्यान बसतात.

खुल्या पेटीतून किती जातं ते असं काढा: २५ शेळ्यांना ५ किलो मिश्रण २० दिवस पुरलं, तर दर शेळीला रोज १० ग्रॅम. एवढा साधा भागाकार महिन्यातून एकदा केला तरी गोठ्यात काय चाललंय ते कळतं. खप एकदम दुप्पट झाला तर बहुधा मीठ संपलेलं असतं, किंवा मिश्रण नवीन आल्याची नवलाई असते, ती आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरते. खप शून्यावर आला तर आधी पेटीत नाक घालून वास घ्या.

दुसरीकडे मिठाचं वेगळं चाटण ठेवलं असेल तर शेळ्या तिथेच भूक भागवतात आणि खनिज मिश्रणाकडे येत नाहीत. शेळीला पेटीपर्यंत ओढून आणतं ते मीठ, बाकीचं त्याच्याबरोबर पोटात जातं. म्हणून मीठ एकाच ठिकाणी, मिश्रणात असू द्या. आणि पाणी सतत हवं, हे सांगायला नको.

गायीचं किंवा मेंढीचं मिश्रण शेळीला चालेल का?

गायीचं, नाइलाज असेल तर, शेळीच्या वजनाच्या हिशेबाने चालवून घेता येतं. मेंढीचं नको. मेंढीला तांबं पटकन बाधतं, म्हणून तिच्या मिश्रणात ते घालतच नाहीत किंवा नावापुरतं असतं. शेळीला त्यापेक्षा बरंच जास्त तांबं लागतं. उलट बाजूने धोका मोठा: शेळीचं मिश्रण मेंढीने रोज खाल्लं तर तांबं तिच्या यकृतात साठत जातं आणि एक दिवस लाल लघवी, कावीळ होऊन मेंढी मरते. दोन्ही जनावरं एकाच गोठ्यात असतील तर पेट्या वेगळ्या आणि मेंढीला पोचता येणार नाही अशा ठेवा.

तांबं कमी पडल्याचं कसं ओळखायचं?

शेपूट बघा. निरोगी शेळीच्या शेपटीला टोकापर्यंत झुपका असतो. तांबं कमी झालं की टोकाचे केस गळतात आणि दोन्ही बाजूंनी उरलेल्या केसांमुळे ती माशाच्या शेपटीसारखी दुभंगलेली दिसते. काळी शेळी तांबूस, विटकी दिसू लागते. केस राठ, टोकाशी वळलेले. ही लक्षणं पुरावा नव्हेत, इशारा आहेत. जंत आणि उपासमार यांनीही कातडी अशीच कळाहीन होते.

करडांत मात्र चित्र भयंकर असतं. गाभणपणी आईला तांबं कमी पडलं तर करडाच्या मज्जासंस्थेवरचं आवरण नीट बनत नाही. काही करडं जन्मतःच उठू शकत नाहीत. काही ठणठणीत जन्मतात आणि काही आठवड्यांनी मागचे पाय लडबडू लागतात, चालताना कंबर झुलते. एकदा झालेली ही इजा नंतर तांबं देऊन भरून येत नाही. १९३७ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात पशुरोगतज्ज्ञ हॅरोल्ड बेनेट्स यांनी कोकरांच्या अशाच लुळेपणाचा संबंध मेंढ्यांच्या तांब्याशी जोडला, तोवर लोक दुसरंच काही शोधत होते.

आता गंमत अशी, की मिश्रणात तांबं भरपूर असूनही शेळीला ते मिळत नाही असं होतं. चाऱ्यात मॉलिब्डेनम हा धातू जास्त, पाण्यात गंधक किंवा लोह जास्त, तर ते तांब्याला पोटातच अडवतात. विहिरीचं पाणी हंड्यात ठेवल्यावर तळाशी तांबूस साका बसत असेल, तर त्या पाण्याची तपासणी करून घ्या. नवं मिश्रण आणण्याआधी हे करा.

मिश्रणाच्या पाकिटावर तांबं कोणत्या रूपात आहे तेही वाचा. सल्फेट चांगलं शोषलं जातं, साधी ऑक्साइडची पावडर फारशी नाही. ऑक्साइडच्या बारीक तारांची कॅप्सूल ही वेगळी गोष्ट. ती जठरात अडकून हळूहळू विरघळते. पण ती पशुवैद्यकाच्या हिशेबानेच द्यायची, मिश्रणातलं तांबं त्यात धरून.

सेलेनियम आणि ई जीवनसत्त्वाचं इंजेक्शन सगळ्या गाभण शेळ्यांना सरसकट द्यावं का?

नाही. ज्या भागातल्या जमिनीत सेलेनियम कमी आहे हे ठाऊक आहे किंवा कळपात तसा त्रास झालेला आहे, तिथे पशुवैद्यक साधारण व्यायच्या महिनाभर आधी ते देतात आणि त्याचा उपयोग होतो. बाकी ठिकाणी ते अंधारात मारलेलं इंजेक्शन.

१९५७ साली संशोधक क्लाउस श्वार्ट्झ यांनी सेलेनियम शरीराला आवश्यक असल्याचं दाखवलं. त्याआधी जनावरं पाळणाऱ्यांना ते माहीत होतं ते विष म्हणूनच, आणि ती ओळख खोटी नव्हती. गरज आणि विषबाधा यांतलं अंतर फार थोडं. संपूर्ण आहारात किलोमागे ०.१ ते ०.३ मिलिग्रॅम पुरतं. म्हणजे एक टन खाद्यात जेमतेम ०.३ ग्रॅम, चिमटीत मावेल त्याहूनही कमी. मिश्रणात आहे, खुराकात आहे, पाजायच्या टॉनिकात आहे आणि वर इंजेक्शन, असं चार वाटांनी जाऊ देऊ नका.

कमी पडलं तर करडं ताठर चालतात, पाठ वर काढून उभी राहतात, मागचे पाय थरथरतात. मोठं, गुटगुटीत करडू धावताना एकाएकी कोसळून मरतं, तेव्हा हृदयाच्या स्नायूला झळ बसलेली असू शकते. सांधे सुजलेले आणि गरम असतील तर मात्र नाळेतून झालेल्या संसर्गाचा संशय आधी घ्या. आईच्या बाजूने वार अडकणं हे एक लक्षण, पण वार अडकायला इतरही डझनभर कारणं असतात.

एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा: सेलेनियम वारेतून करडाला पोचतं, ई जीवनसत्त्व मात्र फारच थोडं. करडाला ते मिळतं चिकातून. अ जीवनसत्त्वाचंही बव्हंशी तसंच. शेळीला महिनाभर उत्तम मिश्रण चारलंत आणि करडाला पहिल्या एक-दोन तासांत चीक पाजला नाहीत, तर ते अर्धं वायाच गेलं.

करडं बिनकेसांची, गळ्याला गाठ घेऊन जन्मली. हे काय?

आयोडीनची कमतरता. गळ्याची गाठ म्हणजे सुजलेली थायरॉइड ग्रंथी. अशी करडं बहुधा मेलेली किंवा फार अशक्त जन्मतात, आई मात्र बाहेरून धडधाकट दिसते. मिश्रणात आयोडीन नसणं हे एक कारण. दुसरं कारण चाऱ्यात असतं: कोबी, मोहरीच्या जातीची पिकं आणि सोयाबीन यांच्यातली द्रव्यं आयोडीनचं काम अडवतात. थोडं खाल्ल्याने काही होत नाही. गाभण शेळ्यांना महिनाभर कोबीचा पालाच पाला घातला तर होतं.

सुबाभूळही याच यादीत. त्यातल्या मिमोसिन नावाच्या द्रव्याचं पोटात जे रूपांतर होतं ते थायरॉइडला बाधतं. पण हवाईमधल्या शेळ्या सुबाभूळ खाऊन मजेत राहतात हे ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांच्या लक्षात आलं. त्यांच्या पोटातला एक जिवाणू हे विष मोडून टाकत होता. तो जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या जनावरांच्या पोटात सोडला आणि त्यांनाही सुबाभूळ पचू लागली. जिवाणूला पुढे जोन्स यांचंच नाव मिळालं. तुमच्या शेळ्यांच्या पोटात तो असेलच असं धरून चालू नका. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या एक तृतीयांशाच्या आत ठेवलेली बरी.

बोकडाला लघवी होत नाही, कण्हतोय. बद्धकोष्ठ झालं का?

हा प्रश्न वाचायला वेळ लावू नका, पशुवैद्यकाला बोलवा. बोकड पाय ताणून उभा राहतो, शेपूट हलवतो, कुंथतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की लेंडी अडकली. बहुतेक वेळा तो मूत्रमार्गात अडकलेला खडा असतो. बोकडाच्या इंद्रियाच्या टोकाला गांडुळासारखा बारीक भाग असतो, खडा तिथे किंवा मधल्या वळणावर अडकतो. थेंबही बाहेर पडत नसेल तर हाताशी तास असतात, दिवस नाहीत. माझा एक चांगला बोकड असाच गेला. लावणीचा हंगाम म्हणून त्याला भरडा आणि कोंडा सढळ हाताने चालू होता आणि रात्री कण्हत होता तेव्हा मी त्याला तेल पाजत बसलो होतो.

कारण आहाराच्या हिशेबात आहे. कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचं प्रमाण दीडास एक ते दोनास एक असावं. धान्य आणि कोंडा यांत हे उलटं असतं, गव्हाच्या कोंड्यात तर फॉस्फरस कॅल्शियमच्या कित्येक पट. लसूणघास आणि इतर द्विदल चारा कॅल्शियमने समृद्ध. म्हणून बोकडाचा खुराक वाढवायचा असेल तर खनिज मिश्रणातलं प्रमाण तपासा आणि त्यात आणखी फॉस्फरस ओतू नका. मीठ असू द्या, म्हणजे तो पाणी जास्त पितो. थंडीत कोमट पाणी दिलं की चांगलं पितो. खड्यांचा इतिहास असेल तर पशुवैद्यक खुराकात अमोनियम क्लोराइड घालायला सांगतात, ते मोजूनच.

जस्त आणि मँगनीज?

जस्त कमी पडलं की कातडी जाड होते, खवले धरतात, विशेषतः पायांवर आणि तोंडाभोवती. खूर मऊ पडतात, बोकडाच्या वृषणांची वाढ खुंटते. कॅल्शियमचा मारा जास्त झाला तर जस्त शोषलं जात नाही, त्यामुळे 'कॅल्शियम जेवढं जास्त तेवढं चांगलं' हा हिशेब इथे उलटतो. मँगनीज कमी असेल तर माज मुका जातो, म्हणजे बाहेरून लक्षणं दिसत नाहीत, आणि करडांचे पुढचे पाय वाकडे येऊ शकतात. चांगल्या मिश्रणात दोन्ही असतात.

अ, ड, ई जीवनसत्त्वं वेगळी द्यावी लागतात का?

हिरवा चारा आणि ऊन मिळत असेल तर नाही.

अ जीवनसत्त्व शेळी हिरव्या पाल्यातल्या कॅरोटीनपासून स्वतः बनवते. इतकं पुरतं बनवते की दुधात पिवळेपणा उरतच नाही, म्हणून शेळीचं दूध पांढरंशुभ्र. यकृतातला साठा दोन-तीन महिने पुरतो. हिरवं बंद होऊन तेवढा काळ लोटला आणि शेळी नेमकी शेवटच्या महिन्यात असेल, तर पुरवणी द्या. संध्याकाळी गोठ्यात शिरताना शेळी खांबाला धडकते, हे रातांधळेपणाचं लक्षण फार उशिरा दिसतं, तोवर वाट पाहू नका. जास्त दिलं तरी नुकसानच आहे, गर्भात व्यंग येऊ शकतं.

ड जीवनसत्त्व उन्हात कातडीतच तयार होतं. अंधाऱ्या, बंद गोठ्यातल्या शेळ्यांचा प्रश्न वेगळा, आणि त्यावर पहिला उपाय म्हणजे दार उघडणं.

ब गटातली जीवनसत्त्वं पोटातले जिवाणू बनवतात. त्यातल्या ब-१२ साठी त्यांना कोबाल्ट लागतं, ते मिश्रणातून मिळतं. क शेळीच्या यकृतात बनतं, विकत घ्यायची गरज नाही. अपवाद थायमिनचा, म्हणजे ब-१ चा: धान्य अचानक जास्त झालं की पोटातलं संतुलन बिघडतं, थायमिन नष्ट होतं, आणि शेळी आंधळ्यासारखी वागते, मान मागे टाकते, आकाशाकडे बघत राहते. ही तातडीची वेळ आहे. वेळेत थायमिनचं इंजेक्शन मिळालं तर काही तासांत फरक दिसू शकतो.

दिवस भरत आलेली शेळी बसली ती उठेना. कॅल्शियम पाजू का?

पाजू नका. तिला गिळता येत नसेल तर औषध फुप्फुसात जातं, आणि मग मूळ दुखणं बाजूला राहून शेळी न्यूमोनियाने जाते.

इथे दोन दुखणी एकसारखी दिसतात. कॅल्शियम कमी पडलं तर कान गार, स्नायूंना कंप, अंगात त्राण नाही, पोट फुगतं. पोटात जुळी-तिळी आणि खाणं अपुरं अशी स्थिती असेल तर शेळी स्वतःची चरबी जाळते आणि त्यातून बनणारी कीटोन नावाची द्रव्यं रक्तात साठतात. ती खाणं सोडते, सुस्तावते, दात खाते, तोंडाला गोडसर वास येतो. पहिल्यात कॅल्शियम लागतं, दुसऱ्यात ऊर्जा, आणि पुष्कळदा दोन्ही एकत्र असतात. शिरेतून कॅल्शियम घाईने गेलं तर हृदय थांबू शकतं, म्हणून ते काम शिकलेल्या हाताचंच.

डोळ्यांची आतली पापणी पांढरी पडली आहे. लोहाचं टॉनिक द्यावं ना?

आधी जंत बघा. जठरातला रक्त पिणारा जंत हे पांढऱ्या पापणीचं सगळ्यात मोठं कारण आहे. पापणीचा रंग रंगपट्टीशी ताडून पाहायची 'फामाचा' पद्धत दक्षिण आफ्रिकेत याचसाठी तयार झाली. चरणाऱ्या शेळीला लोह सहसा मातीतून आणि चाऱ्यातूनच पुरेसं मिळतं. वरून दिलेलं जादा लोह तांब्याला अडवतं, म्हणजे रोग तसाच आणि वर नवी उणीव.

घरी मिश्रण करता येईल का?

मीठ, चुनखडीची भुकटी, डायकॅल्शियम फॉस्फेट एवढ्यावर थांबलात तर येईल. तांबं, सेलेनियम, आयोडीन घरच्या घमेल्यात मिसळू नका. वर सेलेनियमचा हिशेब दिलाच आहे. ते फावड्याने एकसारखं मिसळत नाही. एका शेळीच्या वाट्याला काहीच येत नाही आणि दुसरीच्या वाट्याला विष. सूक्ष्म खनिजांचं तयार मिश्रण आणून त्याच्या प्रमाणातच मीठ घाला.

पोतं उघडल्यावर जीवनसत्त्वं टिकत नाहीत. ऊन, दमट हवा आणि शेजारची खनिजंच त्यांना खातात. सहा महिन्यांचा साठा करण्यापेक्षा छोटं पोतं घ्या.

रक्त तपासून सगळं कळेल का?

सगळं नाही. तांबं यकृतात साठतं आणि साठा जवळजवळ संपेपर्यंत रक्तातला आकडा ठीकच दिसतो. कळपातली एखादी शेळी मेली किंवा कापली गेली, तर तिच्या यकृताचा तुकडा तपासायला पाठवा. जिवंत दहा शेळ्यांच्या रक्तापेक्षा तो तांब्याबद्दल जास्त सांगतो. गाभडलेलं करडूही पुरून टाकण्याआधी पशुवैद्यकाला दाखवा. त्याला नुसत्या हातांनी शिवू नका, कारण गाभडण्यामागचे काही जंतू माणसालाही लागतात.

मिश्रण सुरू केलं. फरक कधी दिसेल?

शेळीचं खाणं आणि तरतरी काही आठवड्यांत. नवे केस दोन-तीन महिन्यांत, आणि ते मुळापासून गडद येताना दिसतात: काळ्या शेळीच्या पाठीवर फुंकर मारली की वर विटका तांबूस थर आणि खाली नवा काळा. बोकडाला दोन महिने द्या. करडांतला फरक पाहायला पुढच्या वेतापर्यंत थांबावं लागतं, म्हणून मिश्रण सुरू केल्याची तारीख आज वहीत लिहून ठेवा, शेजारी कोणती शेळी कधी लावली तेही.